नवऱ्याच्या कार्डावर उत्तर छापलेलं होतं

लग्नानंतर अठरा दिवसांनी नवरा श्टुटगार्टला परत गेला आणि मी पुण्यात राहून व्हिसाच्या मागे लागले. त्यातले पाच महिने आणि ८२ हजार रुपये एका क्लासवाल्याने खोटं बोलून माझ्याकडून घेतले. सगळं क्रमाने लिहितेय, कारण नवरा जर्मनीत असलेल्या कितीतरी मुली आजही अशाच ऑफिसात जाऊन बसत असतील.

क्लासचा पत्ता चुलत नणंदेच्या ओळखीतून मिळाला. जर्मन शिकवणं आणि व्हिसाची फाइल, दोन्ही कामं तिथेच होतात असं कळलं होतं. सरांनी पहिल्या दहा मिनिटांत लग्नाची तारीख, नवऱ्याचा पगार, माझं शिक्षण, सासर कुठलं, सगळं विचारून घेतलं. एक गोष्ट विचारली नाही: नवऱ्याकडे जर्मनीत राहण्याचा नेमका कोणता परवाना आहे. हा प्रश्न विचारायचा असतो हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

"मॅडम, बायकोच्या व्हिसाला ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, कंपल्सरी आहे. २००७ पासूनचा कायदा आहे," असं म्हणून त्यांनी मोबाइलवर कायद्याचं जर्मन पान उघडून दाखवलं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. वर म्हणाले, ए-वनशिवाय फाइल दिली तर रिजेक्शन येतं, आणि ते एकदा आलं की पुढचे सगळे दरवाजे बंद. शिवाय ए-वन नसेल तर तिकडे नोकरीची परवानगीही मिळत नाही. नवीन लग्न झालेल्या मुलीला एवढी भीती पुरते. त्याच संध्याकाळी मी ३५ हजार भरले.

कायद्याचं ते पान खरं होतं, म्हणूनच मी फसले. ऑगस्ट २००७ मध्ये जर्मनीने खरंच नियम केला की पती किंवा पत्नीकडे राहायला येणाऱ्याला साधं जर्मन यायला हवं, आणि त्याचा पुरावा म्हणजे ए-वन. पण परदेशी लोकांच्या वास्तव्याच्या कायद्याचं जे कलम ३० त्यांनी मला दाखवलं, त्यातच खाली सवलतींची यादी आहे. जोडीदाराकडे ईयू ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना असेल तर ही अट २०१२ पासून नाही. २०२२ च्या अखेरीस झालेल्या बदलानंतर पदवीच्या किंवा व्यवसाय प्रशिक्षणाच्या जोरावर कुशल कर्मचारी म्हणून परवाना मिळालेल्यांच्या जोडीदारांनाही ती लागू नाही. मात्र नवरा किंवा बायको जर्मन नागरिक असेल तर सहसा ए-वन द्यावंच लागतं. तिकडे शिकायला गेलेल्यांच्या जोडीदारांनाही बहुतेक वेळा लागतं. म्हणजे सगळं अवलंबून असतं ते तिकडे असलेल्या माणसाच्या कार्डावर. सरांनी पान वरच्या बाजूलाच थांबवलं होतं.

क्लास रात्री आठला, ऑनलाइन. ऑफिसमधून येऊन मला तो जमेना, तेव्हा सर म्हणाले, "दिवसाची इंटेन्सिव्ह बॅच घ्या, दोन महिन्यांत मोकळ्या व्हाल." त्यासाठी मी नोकरीचा राजीनामा दिला. याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे. चार वर्षं केलेलं काम होतं ते, आणि आईने तेव्हाच विचारलं होतं, एवढी घाई कशाला? दोन महिन्यांचे चार झाले. शिकवणं म्हणजे पाठांतर: स्वतःची ओळख, एक ठरावीक पत्र, काही प्रश्नोत्तरं. मी काही विचारलं की शिकवणाऱ्या मॅडम सांगायच्या, तेवढंच येतं परीक्षेत.

परीक्षेची वेळ आली तेव्हा मी मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूटच्या इथल्या जर्मन भाषा केंद्रात, फॉर्म भरते म्हटलं. त्यावर सर म्हणाले, तिथे सीट मिळता मिळत नाही. या बोलण्यातही थोडं तथ्य आहे, जागा खरंच पटापट भरतात. मग त्यांनी तोडगा सुचवला: एका आंतरराष्ट्रीय बोर्डाची परीक्षा, घरबसल्या, निकालाची गॅरंटी, ४७ हजार रुपये. पैसे क्लासच्या खात्यात टाकायचे नव्हते, एका माणसाच्या नंबरवर यूपीआय करायचे होते. तिथे मी थांबायला हवं होतं. पण चार महिने गेले होते, नवरा रोज विचारत होता, सासूबाई नातेवाइकांना तारीख सांगून बसल्या होत्या. मी पैसे पाठवले.

खरी परीक्षा कशी असते ते नंतर कळलं. स्टार्ट डॉइच वन, म्हणजे मॅक्स म्युलर भवनातल्या ए-वनच्या परीक्षेला केंद्रावर स्वतः जावं लागतं, ओळखपत्र दाखवून. ऐकणं, वाचणं आणि लिहिणं मिळून साधारण ६५ मिनिटं. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचं छोटं पत्र लिहायचं. बोलण्याची परीक्षा पंधरा मिनिटांची, इतर उमेदवारांबरोबर, परीक्षकांसमोर बसून. स्वतःचं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगायचं, चिठ्ठीवरच्या विषयावर एकमेकांना प्रश्न विचारायचे. शंभरपैकी साठ मिळाले की पास. माझी 'परीक्षा' म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरचे तीस पर्यायी प्रश्न. बोलणं नाही, लिहिणं नाही. तीन दिवसांत पीडीएफ आली: रंगीत, शिक्क्यासकट, वर माझं नाव.

मी आनंदाने ती नवऱ्याला पाठवली. त्याने दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सहकाऱ्याला सांगितलं की बायकोचं ए-वन झालं. तो सहकारी नागपूरचा. तो म्हणाला, "तुझं ब्लू कार्ड आहे ना? मग ए-वन कशाला? माझी बायको तर त्याशिवायच आली." रात्री नवऱ्याने पाकिटातून कार्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर लिहिलं होतं: ब्लाउए कार्टे ईयू. मागे ब्लू कार्डाच्या कलमाचा आकडाही होता, १८ जी. मी चार महिने ज्याच्यासाठी नोकरी सोडून पाठांतर करत होते, त्याचं उत्तर माझ्या नवऱ्याच्या खिशात होतं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पीडीएफ घेऊन तो तिथल्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे लोकांसाठीच्या प्रौढ शिक्षण केंद्रात गेला. तिथे टेल्क या मान्यताप्राप्त संस्थेच्या भाषा परीक्षा होतात. भाषा विभागातल्या बाईंनी एकदाच कागद पाहिला. या बोर्डाचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, परीक्षा केंद्राचा उल्लेख नाही, चार भागांचे वेगवेगळे गुण नाहीत. हे कुठेही जोडू नका, त्या म्हणाल्या. आम्ही ते जोडलं नाही, एवढं नशीब.

माझ्याबरोबरच्या एका मुलीने मात्र जोडलं. ती जळगावकडची, नवऱ्याकडे जर्मन पासपोर्ट, म्हणजे तिला ए-वन खरोखरच लागत होतं. खोटा दाखला म्हणून तिचा अर्ज फेटाळला गेला. तिची यात काडीचीही चूक नाही. तिने परीक्षा दिल्याचं समजूनच कागद लावला होता. आता ती खऱ्या परीक्षेची तयारी करतेय, आणि यापुढच्या प्रत्येक अर्जात जुन्या नकाराबद्दल खरं सांगावं लागणार या काळजीत आहे.

मी सरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "सेफ साइड म्हणून करून घेतलं, भाषा वाया जात नाही." पैसे परत नाहीत. मी १९३० वर सायबर तक्रार नोंदवली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही. यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, रेकॉर्ड झालेलं एक बोलणं, सगळं जपून ठेवलंय. पावती मागितली असती तर बरं झालं असतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे.

नोकरीच्या परवानगीची भीतीही खोटी निघाली. कुटुंबासाठी मिळणाऱ्या परवान्यावर तिकडे कामाची मुभा असते, ए-वन असो वा नसो. आणि व्हिसाला लागणाऱ्या कागदांची जी यादी हातात हवी होती ती जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. 'मेक इट इन जर्मनी' या तिथल्या सरकारी संकेतस्थळावरही ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदारांबद्दल स्पष्ट लिहिलंय. व्हिसाची फी ७५ युरो.

मुंबईला फाइल दिली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने एकेक कागद यादीशी पडताळला: लग्नाचा दाखला, पासपोर्ट, नवऱ्याच्या कार्डाची प्रत, घराचा करार. ए-वनचं नावही निघालं नाही. बाहेर येऊन मी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न टाकला, नवऱ्याच्या कार्डावर काय लिहिलंय ते पाहा. रात्रीपर्यंत अकराजणींची उत्तरं आली. सहाजणींच्या नवऱ्यांकडे ब्लू कार्ड होतं. सकाळी मला ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं.