‘वॉटरप्रूफ’ सेन्सरच्या नावाखाली मिळालेला नकली माल

डीएस१८बी२० या तापमान-सेन्सरचे स्टीलच्या नळीतले ‘वॉटरप्रूफ’ प्रोब ऑनलाइन मागवण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत रंगीत माशांच्या टाक्या आहेत. त्यांच्या पाण्याचे तापमान नोंदवून ते मर्यादेबाहेर गेल्यास फोनवर इशारा देणारी छोटी यंत्रणा मी ईएसपी-३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर उभी केली होती. तिच्यासाठी घेतलेल्या प्रोबच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि दरही त्याच हिशोबाने लावला होता.

पावसाळा सुरू झाला आणि नोंदी बिघडू लागल्या. मध्येच ८५ अंश, मध्येच उणे १२७. ८५ हा आकडा वीज मिळताच सेन्सरच्या स्मृतीत असतो, त्यामुळे मोजणी पूर्ण होण्याआधी सेन्सर पुन्हा सुरू झाला की तोच वाचला जातो. उणे १२७ हे तर तापमानच नव्हे. सेन्सरकडून उत्तर आले नाही, हे सांगण्यासाठी सेन्सर वाचण्याच्या प्रचलित सॉफ्टवेअर-लायब्ररीने ठरवलेला तो संकेत आहे. सैल जोड, कमकुवत वीजपुरवठा किंवा डेटा आणि पुरवठ्याच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर नसणे, या कारणांनीही हेच घडते. नकली माल विकणाऱ्याचे फावते ते इथेच, कारण ग्राहक आपल्याच जोडणीत दोष शोधत बसतो आणि तोवर माल परत करण्याची मुदत उलटून जाते.

माझी तक्रार गेल्यावर विक्रेत्याचे उत्तर आले, “साहेब, वायरिंग चेक करा.” रेझिस्टर, जोड, केबलची लांबी आणि ७५० मिलिसेकंदांचा मोजणीचा अवधी हे सारे आधीच तपासून झाले होते, म्हणून मी प्रत्येक सेन्सरचा ६४ बिटांचा ओळख-क्रमांक वाचून काढला. अस्सल चिपमध्ये तो (हेक्साडेसिमल म्हणजे सोळा-आधारी लिखाणात) २८ ने सुरू होतो आणि आठ बाइटांपैकी सहावा व सातवा बाइट शून्य असतो. माझ्या पाकिटातील एकाही सेन्सरमध्ये ते शून्य नव्हते. क्रमांक या साच्यात बसत नसेल तर चिप नकली आहे असे खुशाल समजावे. बसत असेल तर मात्र एवढ्यावरून ती अस्सल ठरत नाही. चिपवरचे ‘डॅलस’ हे मूळ उत्पादकाचे नावही पुरावा नव्हे, कारण नकली चिपवरही ते छापता येते, आणि नळीतली चिप घेताना दिसणार तरी कशी?

दुसरी परीक्षा बर्फाची. बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात घट्ट भरून त्यात प्रोब बुडवला आणि ढवळत राहिले, तर वाचन स्थिरावल्यावर शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत यायला हवे, कारण उणे १० ते ८५ अंशांपर्यंत तेवढ्या अचूकतेची हमी मूळ उत्पादक देतो. माझ्याकडचे काही प्रोब या परीक्षेत उतरले, काही नाही. म्हणजे नकली चिप चुकीचे तापमान दाखवीलच असे नाही, आणि ही गोष्टही विक्रेत्याच्याच पथ्यावर पडते.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द तर निव्वळ थाप होती. बंद पडलेल्या एका प्रोबची नळी करवतीने कापली, तेव्हा केबलच्या तोंडाशी उष्णतेने आवळणाऱ्या काळ्या आकुंचन-नळीचे एक वेटोळे आणि गोंदाचा जेमतेम एक ठिपका निघाला. आत पाणी साचले होते, चिपचे पाय हिरवे पडले होते आणि एक पाय तर बोट लावताच तुटला. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात असा प्रोब कोरड्या जागी टांगला तरी किती टिकेल, याची शंकाच आहे. नवा प्रोब आल्याबरोबर मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा, केबलचे मोकळे टोक मात्र बाहेर कोरडे असावे. सकाळी मल्टीमीटरने स्टीलची नळी आणि प्रत्येक तार यांमधील रोध मोजावा. तिथे काहीही वहन दिसले, तर प्रोब गळका आहे.

हे सारे पुरावे, ओळख-क्रमांकांच्या पडद्याच्या चित्रांसह, मी संकेतस्थळाच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी पाठवले. ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. शिवाय बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही मी पत्रात नमूद केला होता. त्यानंतर पैसे परत आले. जाहिरात मात्र त्याच शब्दांत अजून चालू आहे, आणि खालच्या अभिप्रायांत ८५ अंशांची तक्रार करणाऱ्यांना विक्रेता आजही वायरिंग तपासायला सांगत आहे.