जेट्टीवर कॅमेरा की राखणदार?

तुमच्या मच्छीमार सोसायटीत यंदा हा विषय निघाला असेल, तर आमचा अनुभव कदाचित कामी येईल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा बंदरावर आम्ही आधी कॅमेरे बसवले आणि दीड वर्षाने राखणदार ठेवला.

कॅमेऱ्याचा मोह हिशेबाचा असतो. खर्च एकदाच, पगार नाही, रजा नाही. राखणदार म्हटला की महिन्याला पैसे, आणि रात्रपाळी एकट्याच्याने निभत नाही, दोघे तरी लागतात. सभेत मीही कॅमेऱ्यासाठीच हात वर केला होता.

खारा वारा त्या हिशेबात नव्हता. आठवडाभरात काचेवर मिठाचा थर बसायचा. दिवाळीच्या सुमारास एक अनोळखी होडी रात्री धक्क्याला लागून गेल्याचं कानावर आलं. सागरी पोलिसांनी चित्रण मागितलं, तर पडद्यावर दिव्याभोवती पांढरा गोळा. होडीचा नंबर नाही, माणसं किती तेही कळेना. कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला. देखभालीत काच पुसणं येत नाही, म्हणाला. शेवटी चार दिवसांआड शिडी लावून काचा पुसायला एक गडी ठरवला. त्याची मजुरी वहीत मांडताना माझं मत फिरलं. माणूस नको म्हणून आणलेल्या वस्तूलाच माणूस लागत होता.

आता दोन जुने तांडेल, म्हणजे बोट चालवलेले अनुभवी नाखवे, राखणदार म्हणून पाळीने बसतात. १ ऑगस्टला पावसाळी बंदी उठली की कर्नाटकातून, नेपाळहून खलाशी येतात. नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र तर हवंच. टोकनवर, म्हणजे बोट समुद्रात जाताना मिळणाऱ्या परवानगीच्या चिठ्ठीवर, सहा नावं आणि बोटीत सात डोकी, हे राखणदारांच्या लगेच लक्षात येतं. सहा गेले आणि सात परतले, तर सातवा कोण, हे ते तिथेच विचारतात. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ ला रबरी होडीतून उतरलेल्यांनाही आधी हटकलं ते तिथल्या मच्छीमारांनीच.

गस्ती नौका हव्यातच. बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी सागरी पोलिसांचं, ते काम आपलं नव्हे. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय खात्याने ड्रोनही आणले आहेत. बेकायदा मासेमारी पकडायला त्यांचा उपयोग होईल असं वाटतं. पण १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीसारख्या लहान गावाच्या किनाऱ्यावर उतरली होती. लहान बंदरांची राखण गावाच्याच अंगावर येते.

राखणदाराचं एक मात्र जपायला हवं. गावातला माणूस भिडेला बळी पडतो. भाच्याची बोट टोकनाशिवाय सुटली तर त्याची जीभ रेटत नाही. त्यासाठी आम्ही एक कॅमेरा ठेवला आहे, शेडच्या वळचणीखाली, बोटी लागतात त्या पायऱ्यांकडे तोंड करून. रोज सकाळी राखणदारच तो गोड्या पाण्याने पुसतो. बाकीचे तीन उतरवले.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी माणूस ठेवीन. मात्र त्याला चांगली विजेरी, रेनकोट आणि पोलीस ठाण्याचा नंबर घातलेला फोन द्या, आणि पगार दर महिन्याला वेळेवर होऊ द्या. आमचा एकदा दोन महिने थकला, आणि तेवढे दिवस धक्का रात्री मोकळाच राहिला.