एलओसी कारगिल की शेरशाह? मुलांसोबत कोणता बघावा

26 जुलैला, कारगिल विजय दिनी, मुलांना या दोन युद्धपटांपैकी एकच दाखवायचा तर कोणता, असं बहीण विचारत होती. वेळ बघितला तर शेरशाह सव्वादोन तासांचा, एलओसी सव्वाचार तासांचा, त्यात गाणी बरीच, मुलं मधेच उठणार. पण एलओसीत कॅप्टन विक्रम बात्रा तर आहेतच, शिवाय खालुबारच्या शिखरावर लढलेले मनोज पांडेही आहेत आणि टायगर हिलवर गोळ्या लागूनही चढत राहिलेले योगेंद्र यादवही, तेव्हा अवघे 19 वर्षांचे! शेरशाह फक्त बात्रांचा, त्यामुळे पॉइंट 4875 या शिखरावर ते जखमी साथीदाराला आणायला निघतात तेव्हा आपण आधीच त्यांच्यात पार गुंतलेलो असतो, म्हणून ते जाणं सहनच होत नाही. शाळकरी मुलांना शेरशाहच दाखव. कारगिलला कितीजणांनी काय सोसलं ते बघायचं असेल तर एलओसी, दोन बैठकींत.