पदवीनंतर कोण कुठे गेले: केनियात वापरलेल्या एका ‘ट्रेसर स्टडी’ सेवेचे परीक्षण

केनियातील एका सरकारी विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षात मी काम करते. आमच्याकडून पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे काय करतात याची माहिती काढण्यासाठी आम्ही एका खासगी कंपनीची सेवा एका तुकडीपुरती विकत घेतली होती, आणि ते काम पूर्ण झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. तिच्याशी आमचा व्यवहार अजून चालू आहे, आणि पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांतल्या निम्म्या तरी आमच्याच कक्षाच्या आहेत. अशा पाहणीला इथे सगळेच ‘ट्रेसर स्टडी’ म्हणतात, म्हणून तोच शब्द ठेवला आहे.

सरकारने २०२३ साली विद्यापीठांच्या अनुदानाची पद्धत बदलली. शिष्यवृत्ती आणि कर्ज यांचा वाटा विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीवर ठरू लागला, आणि तेव्हापासून पालक प्रवेशाच्या वेळीच विचारतात की या अभ्यासक्रमाची मुले नोकरीला लागतात का. आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. विभागप्रमुखांच्या आठवणीत जे चार-दोन यशस्वी विद्यार्थी होते, तेच प्रत्येक माहितीपत्रकात पुन्हा पुन्हा छापले जात होते.

सेवेत माजी विद्यार्थ्यांची यादी साफ करणे, ऑनलाइन प्रश्नावली पाठवणे, उत्तर न देणाऱ्यांना फोन करणे आणि निकाल डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे व आलेख दाखवणाऱ्या ऑनलाइन पानांवर, दाखवणे एवढी कामे होती. विक्रीच्या बैठकीत सगळा वेळ डॅशबोर्डने खाल्ला. वापरून झाल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे: पैसे वसूल होतात ते यादीत आणि फोनवर, डॅशबोर्ड मात्र फुकट मिळाला तरी जपून वापरावा असा आहे.

यादीपासून सुरुवात करते. आम्ही कंपनीला दिलेले बहुतेक ई-मेल पत्ते विद्यापीठाचेच होते, आणि विद्यार्थी पदवी घेऊन गेला की काही काळाने आमचाच संगणक विभाग ते पत्ते बंद करतो. म्हणजे ज्या दारावर जाऊन टकटक करायची, ते दार आम्हीच विटा रचून बंद केलेले. फोन क्रमांकांची अवस्था फारशी वेगळी नव्हती, कारण प्रीपेड सिमकार्ड बदलणे इथे रोजचेच आहे आणि जुना क्रमांक काही महिन्यांनी भलत्याच माणसाकडे जातो. कंपनीने वर्गप्रतिनिधींना गाठले, व्हॉट्सॲपवरचे तुकडीनिहाय गट शोधले, अर्जावरच्या पालकांच्या क्रमांकांवर फोन केले आणि प्रत्येक विद्यार्थ्यापुढे क्रमांक शेवटचा कधी चालू सापडला त्याची तारीख लिहिली. काम कंटाळवाणे होते, पण चोख झाले. ही दुरुस्त यादी आता आमच्या मालकीची आहे आणि माझ्या मते या व्यवहारातली तीच सर्वांत मौल्यवान वस्तू आहे.

फोन करणाऱ्यांचेही कौतुक करायला हवे. अनोळखी क्रमांक दिसला की इथला तरुण पदवीधर तो सहसा उचलत नाही. एक तर मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या ॲपची वसुली असेल असे त्याला वाटते, नाही तर उच्च शिक्षण कर्ज मंडळाची, ज्याला इथे सगळे ‘हेल्ब’ म्हणतात. त्यावर कंपनीने साधी युक्ती केली. आधी व्हॉट्सॲपवर अभ्यासक्रमाचे आणि तुकडीचे नाव घालून संदेश जायचा, फोन दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळी यायचा आणि मुलाखत संपल्यावर पदवीधराच्या फोनवर थोडा एअरटाइम (टॉकटाइम) जमा व्हायचा. संमतीचे निवेदन इंग्रजी आणि किस्वाहिली अशा दोन्ही भाषांत वाचले जाई. केनियाच्या २०१९ च्या माहिती संरक्षण कायद्याखाली काम करताना ही केवळ औपचारिकता नसते. विद्यापीठाने आपली यादी तिसऱ्याच्या हाती दिली, याचा जाब विद्यार्थी विचारू शकतो.

मात्र खरी अडचण प्रश्नावलीत होती, आणि ती मला एका दुपारी हेडफोन लावून फोन ऐकत बसले तेव्हा कळली. पलीकडे कृषी शाखेचा पदवीधर होता. ‘तुम्ही सध्या नोकरीत आहात का?’ हा पहिला प्रश्न. तो म्हणाला, ‘नाही, अजून टारमॅकिंगच चालले आहे.’ हा खास केनियन शब्द आहे. नोकरीसाठी शहराच्या डांबरी रस्त्यांवर चपला झिजवत हिंडणे असा त्याचा अर्थ. कंपनीकडून फोन करणाऱ्या मुलीने ‘नाही’वर खूण केली, आणि फॉर्मने व्यवसाय, उत्पन्न, कामाचे तास हे सगळे प्रश्न ओलांडून थेट शेवटचे पान दाखवले. निरोप घेता घेता तो सहज म्हणाला की आता ठेवतो, अंड्यांचे ट्रे गाडीत चढवायचे आहेत. मी मुलीला खूण करून थोडे आणखी विचारायला लावले. त्याच्या कोंबड्या होत्या, दोन हॉटेलांना अंड्यांचा नियमित पुरवठा होता आणि मदतीला पगारी मुलगा ठेवलेला होता. आमच्या नोंदीत तो बेरोजगार होता, आणि फॉर्ममध्ये मागे जाऊन उत्तर बदलण्याची सोय नव्हती.

त्याची यात काही चूक नव्हती. घरच्यांनी शिकवले ते नियुक्तिपत्र आणि पगाराची पावती मिळावी म्हणून, आणि त्या मोजपट्टीने तो अजून रिकामाच होता. म्हणूनच श्रमशक्तीच्या पाहणीत ‘नोकरी आहे का’ असा प्रश्न विचारायचा नसतो. गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास तरी काम केले का, असे विचारायचे असते. श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काम आणि रोजगार यांत जो फरक केला, त्यात फक्त घरी खाण्यासाठी केलेली शेती रोजगारात धरली जात नाही, पण बाजारासाठी पाळलेल्या कोंबड्या धरल्या जातात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार आफ्रिकेतील ८५.८ टक्के रोजगार अनौपचारिक आहे. पदवीधरांत हे प्रमाण कमी असणार हे उघड आहे. तरीही ज्या खंडात कामाचे मुख्य रूपच असे आहे, तिथे नियुक्तिपत्राभोवती रचलेली प्रश्नावली विकणे हा लहानसहान दोष मानता येत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच होती. आमच्या बी.एड. पदवीधरांपैकी ज्यांनी ‘शिक्षक’ असे उत्तर दिले, ते सगळे एकाच रकान्यात पडले. केनियात शिक्षक सेवा आयोगाने नेमलेला कायम शिक्षक वेगळा, आयोगाचा इंटर्न वेगळा आणि शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने तुटपुंज्या मानधनावर ठेवलेला, आयोगाच्या नेमणुकीची वाट पाहणारा ‘बीओएम टीचर’ वेगळा. वर्गात तिघेही एकच विषय शिकवत असतील, पण आयुष्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या एम-पेसा सेवेची टपरी चालवणाऱ्यानेही हुद्दा म्हणून ‘मॅनेजर’ लिहिले होते आणि संगणकाने त्याला व्यवस्थापकांत बसवले. हुद्द्याबरोबर प्रत्यक्ष काम काय, पगार कोण देतो आणि करार किती काळाचा, एवढे तीन प्रश्न असते तर हा घोळ टळला असता.

आता डॅशबोर्ड. पहिल्याच पानावर मोठ्या हिरव्या अक्षरांत रोजगाराची टक्केवारी येते. कितीजणांनी उत्तर दिले हे पाहायला तीन पाने आत जावे लागते. समजा तुकडीत १००० पदवीधर आहेत, ३०० जणांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी २४० जण कामाला आहेत. पान ८० टक्के दाखवील. न सापडलेले ७०० जण सगळे बेकार असतील तर खरा आकडा २४ टक्के, आणि सगळे कामाला असतील तर ९४. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये कुठे तरी आहे, पण कुठे, हे ते हिरवे अक्षर सांगत नाही. शिवाय कंपनीला पैसे मिळतात ते पूर्ण झालेल्या मुलाखतीमागे. त्यामुळे नैरोबीत कार्यालयात बसलेला, फोन चालू असलेला पदवीधर आधी गाठला जातो आणि उत्तरेकडच्या दुर्गम तुर्कानामधला, आठवड्यातून एकदा रेंजमध्ये येणारा, यादीच्या तळाशी राहतो. यात कोणाची लबाडी नाही. आम्हीच सही केलेल्या दरपत्रकाचा तो परिणाम आहे.

इतर देशांतील विद्यापीठांशी तुलना दाखवणारे पान तर मी बंदच करून टाकले. सेवेचा साचा सगळ्या देशांना एकच आहे आणि त्यात पदवीनंतर सहा महिन्यांनी प्रश्न विचारण्याची वेळ आधीच ठरवून ठेवली आहे. घानात पदवीधराला एक वर्षाची राष्ट्रीय सेवा करावी लागते. नायजेरियात १९७३ पासून चालू असलेली युवा सेवा योजनाही वर्षभराचीच आहे. तिथे सहाव्या महिन्यात विचारले तर बहुतेक जण सरकारी भत्त्यावर सेवेत असलेले सापडतील, आणि त्याला रोजगार म्हणा की न म्हणा, आमच्या आकड्याशी त्याची तुलना निरर्थक आहे. देशांची मुळातली परिस्थितीही वेगळी असते. दक्षिण आफ्रिकेत २०२४ च्या पहिल्या तिमाहीत एकूण बेरोजगारी ३२.९ टक्के होती, पण पदवीधरांमध्ये ११.८ टक्केच, ट्युनिशियात मात्र उच्चशिक्षितांची बेरोजगारी सरासरीहून जास्त असते. तुलना करायचीच असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील चार विद्यापीठांसारखी करावी: २०१० च्या पदवीधरांना त्यांनी २०१२ मध्ये एकत्रितपणे, एकाच प्रश्नावलीने गाठले होते. एका प्रांतातल्या, एकाच रोजगारबाजाराकडे पाहणाऱ्या चार संस्था, म्हणून तिथे तुलनेला काही अर्थ होता.

याहून स्वस्तात काम होते का, असे मला आमच्या वित्त विभागाने विचारले. कोबोटूलबॉक्ससारख्या साधनावर प्रश्नावली स्वतः बांधता येते, ती रेंज नसतानाही फोनवर भरता येते आणि कच्ची माहिती पहिल्या दिवसापासून आपल्याच हातात राहते. पण ते फक्त साधन आहे. फोन करणारी माणसे आपली आपण उभी करावी लागतात. दुसरा मार्ग सरकारी नोंदींचा. १९९५ मध्ये स्थापन झालेले हेल्ब नोकरदाराच्या पगारातून हप्ता कापून घेते, म्हणजे कोण औपचारिक नोकरीत आहे हे त्याला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा नेमके ठाऊक असते. पण ज्यांनी कर्जच घेतले नाही ते आणि आमचा कोंबडीवाला, दोघेही त्या नोंदीबाहेर राहतात.

कच्च्या माहितीवरून मात्र कंपनीशी बराच वाद झाला. आम्हाला आधी केवळ रंगीत आलेखांची पीडीएफ मिळाली. प्रत्येकाची उत्तरे असलेली, पण नावे काढून टाकलेली फाइल मागितल्यावर ती वेगळी सेवा असल्याचे उत्तर आले. करारात ‘अहवाल’ एवढाच शब्द होता, आणि तो मसुदा आमच्याच कक्षाने तपासलेला होता. शेवटी फाइल मिळाली, पण तोवर अभ्यास मंडळाची बैठक होऊन गेली होती.

ज्या विद्यापीठाकडे माजी विद्यार्थ्यांचे चालू क्रमांक नाहीत आणि फोनसाठी माणसेही नाहीत, त्याने ही सेवा घ्यावी. ज्याच्याकडे दोन्ही आहेत, त्याने प्रश्नावली स्वतः बांधावी आणि हा खर्च वाचवावा. आम्ही आणखी एका तुकडीसाठी करार वाढवला आहे, पण अटी बदलून. मोबदला पूर्ण मुलाखतींच्या संख्येवर नाही, तर आम्ही आधीच निवडलेल्या नमुन्यातील किती जण गाठले यावर मिळेल. पहिला प्रश्न गेल्या सात दिवसांतील कामाचा असेल. टक्केवारीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, उत्तर देणाऱ्यांची संख्या दिसेल. आणि फाइल महिनाअखेर आमच्याकडे येईल. आमच्या बाजूने आम्ही दोन गोष्टी केल्या: पदवीनंतर ई-मेल बंद करणे थांबवले, आणि प्रमाणपत्र न्यायला येणाऱ्या प्रत्येकाकडून स्वतःचा व घरातल्या एका माणसाचा क्रमांक खिडकीवरच लिहून घ्यायला सुरुवात केली.