ब्लूलाइफ की-फ्रीझ: कीबोर्डला कुलूप

माझी लेक पावणेदोन वर्षांची. व्हिडिओ कॉलवर आजी दिसली की दोन्ही हात कीबोर्डवर आपटलेच म्हणून समजा. मग कॉल कट, इकडे लेक रडते, तिकडे आजी हिरमुसते. एकदा तर माझा अर्धवट लिहिलेला मेल तसाच साहेबांना गेला.

विंडोज+एल दाबलं तर स्क्रीनच झाकली जाते, मग आजी दिसणार कशी? म्हणून सोर्डम या वेबसाइटचं की-फ्रीझ हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. इन्स्टॉल करायची भानगड नाही. झिप उघडायची नि चालवायचं. कंट्रोल+ऑल्ट+एफ दाबलं की कीबोर्ड गोठतो, चित्र नि आवाज चालूच. पुन्हा तीच बटणं दाबली की मोकळा. माउस मी सेटिंगमधून चालूच ठेवलाय, तो माझ्या हातात असतो.

कंट्रोल+ऑल्ट+डिलीट मात्र याने अडत नाही, ते विंडोज स्वतःकडे राखून ठेवतं. लॅपटॉपचं पॉवर बटणही अडत नाही. त्यासाठी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘डू नथिंग’ निवडा. हे आधी करा, नाहीतर चिमुकलं बोट नेमकं तिथेच जातं.

काल आजीने अख्खं बडबडगीत म्हणून दाखवलं. कॉल एकदाही तुटला नाही.