श्वानोमा: गाठ काढावी की लक्ष ठेवावे?

कोपराजवळच्या अल्नर नसेवर (कोपरामागून करंगळीकडे जाणारा चेतातंतू, रक्तवाहिनी नव्हे) श्वानोमाची, म्हणजे नसेवरील सहसा कर्करोगाच्या नसलेल्या प्रकारची, लहान गाठ एमआरआयमध्ये दिसली, आणि ती काढावी की थांबावे या पेचात माझ्या मावशी सापडल्या आहेत.

माझ्या मते नसेला असलेला धोका हा पहिला निकष. श्वानोमा नसेच्या आवरणातील ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशींपासून वाढतो आणि बहुधा तंतूंना बाजूला सारतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली वेष्टन उघडून, नस न कापता गाठ सोलून काढता येते. तंतूंतच गुंतलेल्या न्यूरोफायब्रोमात (नसेच्या गाठीचा दुसरा प्रकार) हे बरेच अवघड असते. तरीही नंतर काही काळ बधिरपणा येऊ शकतो, क्वचित कायमची कमजोरीही राहते. थांबल्यास हा धोका टळतो, मात्र वाढणारी गाठ नसेला दाबत राहू शकते.

शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा एकदाच होतो, कारण पूर्ण काढलेली गाठ क्वचितच परतते. देखरेखीत तपासण्या चालू राहतात. कर्करोगात रूपांतर अतिशय दुर्मीळ असल्याने केवळ त्या भीतीने घाई करू नये.

वेदना, बोटांतील अशक्तपणा किंवा वेगाने वाढ असेल, तर नसांच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या सर्जनकडून गाठ काढून घ्यावी. निदान पक्के असून गाठ लहान आणि शांत असेल, तर देखरेख योग्य.