कांगारू आयलंडचं मधाचं फार्म: जा, पण पर्थला जायचं असेल तर आधी हे वाचा

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

ॲडलेडची मराठी मंडळी जवळच्या कांगारू आयलंड बेटावर जाऊन येतात आणि सील नि मधाच्या आईस्क्रीमचे फोटो टाकतात. आईस्क्रीम झकास आहे, वाद नाही. पण घराच्या मागे माझ्या स्वतःच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत, त्यामुळे माझं निम्मं लक्ष दुसरीकडेच होतं.

फार्मची खरी ओळख बेटाची फेरी जिथून सुटते त्या केप जर्व्हिसच्या धक्क्यावरच होते. बेटावर मधमाश्या, मध, मेण, परागकण किंवा वापरलेलं मधपालनाचं सामान नेता येत नाही. माश्यांना धूर द्यायचा माझा स्मोकर, जाळीची टोपी, हातमोजे सगळं घरीच ठेवलं होतं. आईच्या पर्समधून मात्र खोकल्यासाठी ठेवलेली मधाची बाटली निघाली. "अरे, आपल्याच पेटीतला आहे ना? मी काय तिथे माशा सोडणार आहे?" आता तिला कसं सांगायचं, की आपल्या पेटीतला आहे म्हणूनच तो नको! अमेरिकन फाउलब्रूड नावाचा अळ्यांचा रोग आहे. त्याचे बीजाणू मधात असतात, पेटीच्या लाकडात तर दशकानुदशके तग धरतात. रिकाम्या बाटलीच्या तळाशी राहिलेलं बोटभर मध एखाद्या माशीने चाटून पोळ्यात नेलं तरी पुरे. बाटली कचऱ्यात गेली, आणि बेटावरचं पेनेशॉ बंदर येईपर्यंतची पाऊण तासाची फेरी आईने अबोल्यात काढली.

एवढा कडक बंदोबस्त कशासाठी, हे फार्मवर नीट समजावून सांगतात. 1884 च्या सुमारास इटलीतल्या लिग्युरियन मधमाश्या इथे आणल्या आणि 1885 मध्ये कायदा करून बेट त्यांच्यासाठी राखून ठेवलं. म्हणजे रोगांची एवढी माहिती होण्याच्या आधीच, निव्वळ जात भेसळ होऊ नये म्हणून! 'जगातली सर्वांत शुद्ध' वगैरे पाटी वाचून मी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं, पण काचेच्या पेटीतल्या माश्या खरंच शांत होत्या. शेजारची पोरं काचेवर थापा मारत होती, तरी फ्रेमवर गडबड नाही. राणी शोधून दाखवणाऱ्या बाईंनी माझ्या सगळ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच न्यूकॅसल बंदरात व्हरोआ हा मधमाश्यांवर जगणारा परजीवी कोळीकिडा सापडला, हजारो वसाहती माराव्या लागल्या, आणि पुढच्याच वर्षी तो हटवण्याचा नाद सरकारला सोडावा लागला. हे सगळं बघितल्यावर धक्क्यावरची ती बंदी कुणाला जाचक वाटू नये. आपल्याकडे भारतात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूजन्य रोगाने दक्षिणेतल्या सातेरी या देशी मधमाश्यांच्या पेट्याच्या पेट्या ओस पाडल्या. पेट्या ट्रकमध्ये टाकून फुलोऱ्यामागे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या आपल्या मधपाळांना हे बेट एकदा दाखवायला हवं, असं सारखं वाटत होतं.

मधाचं म्हणाल तर शुगर गम या निलगिरीच्या झाडाचा घ्या. फिकट, पातळसर, शेवटी किंचित कॅरॅमलसारखा. मॅली या झुडपी निलगिरीचा मला जरा उग्र वाटला, आईला तोच आवडला. किंमत सुपरमार्केटपेक्षा चांगलीच जास्त आहे. 2019-20 च्या वणव्यात बेटाचा जवळजवळ अर्धा भाग जळाला होता, त्यात फुलोराही गेला, हे लक्षात ठेवून मी घासाघीस केली नाही. तशी इथे कुणी करतही नाही म्हणा.

आता कापलेला तारा. आमच्या पुढच्या जोडप्याने पर्थच्या नातेवाइकांसाठी मधाच्या बरण्यांची अख्खी पिशवी भरली, आणि काउंटरवर कुणी चकार शब्द काढला नाही. पर्थ ज्या राज्यात आहे त्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात इतर राज्यांतला मध असा सामानातून नेता येत नाही, विमानतळावरच टाकून द्यावा लागतो. बेटावर येणाऱ्या मधाबद्दल एवढे दक्ष असणाऱ्यांनी बेटाबाहेर जाणाऱ्या मधाबद्दलही एक चिठ्ठी काउंटरवर चिकटवायला काय हरकत आहे? त्या जोडप्याला मीच सांगितलं. त्यांनी बरण्या परत ठेवून मेणाच्या मेणबत्त्या उचलल्या, तेव्हा मेणाचेही नियम तपासून घ्या म्हटलं. त्या जोडप्यातल्या बाईंनी माझ्याकडे जे बघितलं!

न्यूझीलंडला जाणाऱ्यांनीही तेच करा: मध इथेच खा, बरणी नेऊ नका. आणि ॲडलेडहून निघताना घरच्यांच्या पर्स स्वतः तपासा.